केंद्रापासून पेवाच्या तोंडापर्यंत

केंद्र.

इथं काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. धरून चालायचं.

हैदराबादेत गणित शिकवणारा शरणप्पा सुट्टीत तेरला आला, की कागदावर एक तारा मांडत बसे. आख्खा सूर्य दाबून दाबून तेर ते धाराशिव एवढ्यात बसवलेला, नुसत्या न्यूट्रॉनचा. मध्यावरची घनता मनानं धरायची आणि थरावर थर चढवत बाहेर यायचं. दाब जिथं शून्य, तिथं ताऱ्याचा पृष्ठभाग.

"पण दाबतंय कोण त्याला?" धाकट्या भावानं, बंडप्पानं, उन्हाळ्यात विचारलं होतं.

"त्याचंच वजन."

"म्हंजी आपल्या अव्वावाणीच की!"

त्याबाहेर, पेव.

जमिनीतलं धान्याचं कोठार. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जीव घेते, हे पोरासोरांनाही ठाऊक. निजामाचं राज्य संपता संपता गावावर धाड आली, तेव्हा अव्वानं, त्यांच्या आईनं शिवगंगानं, बंडप्पाला त्यातच उतरवलं आणि वर दगड सारला. तिथं शोधायला कोण उतरणार? बंडप्पा ज्वारीवर बसलेला सापडला. लिंगायतांच्या रीतीनं रानात बसवूनच पुरला. पेव पुन्हा झाकलं.

त्याबाहेर, दगड.

आता रानाला वाफसा होता. बियाणं त्याच पेवात. अव्वा दगडावरून उठेना.

"ऊठ अव्वा. पेरणी हुकंल."

"खाली बंडू हाय. ठोकतोय त्यो."

"माती दिली की आपण त्याला."

"तुझ्या ताऱ्यात मधी काय हाय?"

"ते... धरून चालायचं."

"मग म्या बी धरलंय."

शरणप्पा तिच्या शेजारी टेकला. दगडाखालून एक ठोका आला. मग दुसरा.

"ऐकलास न्हवं?" अव्वानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. आणि आपणहून उठली.

पृष्ठभाग.

पेव उघडून दुपार जाऊ दिली. मग शरणप्पानं दोरानं कंदील सोडला. विझला तर उतरायचं नाही. कंदील ज्वारीवर टेकला, दोर ढिला पडला.

आणि ताणला गेला.

ओढावं तितका जड.

अव्वानं दोराला हात लावला. "सोड बंडू. पेरणी हाय."

काही नाही.

"सोड रं लेकरा. म्या बी सोडते."

दोर एकदम हलका झाला. कंदील जळतच वर आला. काचेवरच्या धुळीत चार बोटं उमटली होती. अव्वानं ती पुसली नाहीत.

शरणप्पानं रिकामं पोतं खांद्यावर टाकलं आणि पाय आत सोडले.