कोपऱ्यातली तिसरी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. वेल्सच्या डोंगरातल्या एका गावच्या दवाखान्यात, तीन नंबरच्या खोलीत राहते. म्हणजे राहायला हवे. कागदोपत्री तरी तसेच आहे.

बंद पडलेल्या प्रार्थनाघराच्या बाकांतून गावच्या सुताराने मला घडवले. मित्रांनो, डॉक्टरच्या खोलीत दोन खुर्च्या पुरतात असे सगळ्यांना वाटते. मग तिसरी कशाला? सांगते. गावचा डॉक्टर व्हायला आलेली नवी माणसे इथेच शिकतात. नवा डॉक्टर पेशंटशी बोलतो आणि जुना डॉक्टर पेशंटच्या पाठीमागे, माझ्यावर, गप्प बसून बघतो. नंतर दोघे त्यावर बोलतात. यासाठीच मला...

थांबा. उचलताहेत.

फ्लूच्या लसीचा दिवस आहे. बाहेर गर्दी. माझ्यावर एक बाई, तिची पिशवी आणि पिशवीतले कुत्रे.

हं. आले परत. तीस वर्षांपूर्वी डॉक्टर आयव्हर इथे शिकत होते, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टर ओल्वेनबाई माझ्यावर बसायच्या. "मला इथं बसून जेवढं दिसतं, तेवढं त्या टेबलामागून कधी दिसलं नाही," असे त्या म्हणायच्या. माझे कौतुक तेवढेच झाले.

आता आयव्हर शिकवतात आणि मेरेरिद शिकते. वसंतात आयव्हर निवृत्त होणार. मेरेरिदला इथेच राहायचे आहे. ती राहिली नाही, तर पुढचा डॉक्टर बावीस मैलांवर. पण तिच्या कागदावर, आयव्हर यांनी माझ्यावर बसून करायचे एक निरीक्षण बाकी होते. ते शुक्रवारपर्यंत झाले नाही तर तिचे शिक्षण सहा महिने लांबणार, आणि शहरातले रुग्णालय तिला आत्ताच बोलावत होते.

चार वेळा ठरले. दोनदा मी बाहेर होते. एकदा माझ्यावर चढून, बाहेर पेशंटना वेळा देणारी नेरिस दिवा बदलत होती. चौथ्यांदा आयव्हर दारातच उभे राहिले आणि फोन आला म्हणून गेले. वरून पत्र येते, 'शिकवण्यासाठी वेळ राखून ठेवा.' त्या वेळेत पेशंट बघायला दुसरा डॉक्टर मात्र कुणी पाठवत नाही.

पुन्हा उचलले. या वेळी पाय छताकडे, पाठ भिंतीला. फरशी पुसायची होती म्हणे.

शुक्रवार. आयव्हर यांनी मला स्वतः आत आणले आणि बसले. पेशंट होता ग्विलिम प्रॉसर, मेंढपाळ. बसल्या बसल्या त्याने मान मागे वळवली.

"आयव्हर, गुडघ्याचं तुला माहीतच आहे."

आयव्हर छताकडे बघू लागले.

"काय रे, जीभ गिळलीस का?"

"प्रॉसरकाका, आज ते भिंत आहेत," मेरेरिद म्हणाली. "माझ्याशी बोला."

"ही भिंत मला तुझ्यापेक्षा जास्त ओळखते, पोरी."

ती हसली. गुडघा बघितला. मग पेन खाली ठेवून वाट बघत राहिली. आयव्हर पुढे झुकले, शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला आणि मागे टेकले.

प्रॉसर टोपी फिरवत राहिला. "मंगळवारी बाजारातून परतताना रस्ता सापडेना. चाळीस वर्षांचा रस्ता. बायकोला सांगितलं नाही."

दार उघडले. "खुर्ची हवीये," नेरिस म्हणाली. "बाहेर माणसं उभी आहेत."

आयव्हर यांनी बोलायचे नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी माझी बैठक घट्ट धरली. नेरिसने त्यांच्याकडे बघितले आणि दार लावून घेतले.

मेरेरिदने आपली खुर्ची पुढे ओढली. "मग घर कसं सापडलं, काका?"

प्रॉसर आता मागे वळला नाही. तिच्याकडेच बघून सांगू लागला.

संध्याकाळी कागदावर सही झाली.

मित्रांनो, खुर्च्या कमी पडत असतील तर आणखी मागा. वरच्यांना पत्रे लिहा, दहा लिहा. पण पेशंटच्या मागची, शिकणाऱ्यासाठीची खुर्ची काढू नका. जाताना प्रॉसरने नेरिसला बजावले आहे की, पुढच्या महिन्यात त्याला त्या पोरीचीच वेळ हवी.