कापसावरचं नासकं रक्त

प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पपईच्या बागेत, पत्र्याच्या शेडखाली, रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. पिवळ्याजर्द तोंडांची रांगच्या रांग. पोरी, पोरं, लग्न ठरलेल्या दोन-चार नवऱ्या मुली. सगळे ओठ मिटून बसलेले, कारण हसलं की गालावरची सुकलेली हळद तडकायची. चेला हळद फासून द्यायचा; पाटावर बसलेले भाईदास बापू तांब्यात कापसाचा बोळा बुडवायचे, एकेका गालावरून फिरवायचे आणि वर धरायचे. बोळा लालभडक.

"दखा माय," बापू म्हणायचे, "हाई पिंपल नही. हाई पोटमातलं नासकं रगत शे. डॉक्टर वरथून रंगरंगोटी करस, मी जडथून काढस. तापीमायनं पानी शे."

नासकं रक्त सगळ्यांचंच निघायचं. मागे एका नवरदेवासोबत आलेल्या मित्राचंही निघालं. त्याच्या गालावर पुटकुळी अशी एकच होती, आणि तीही डासाची.

एका रविवारी रांगेत कमलबाई होत्या, त्यांची मुलगी हेतल होती आणि मागे कडेवर आपल्या लेकराला, भाग्येशला, घेतलेली सून रुचिका. रुचिकाला उभ्याउभ्याच डुलकी येत होती. भाग्येशला दात येत होते, आणि रात्र झोपण्यासाठी असते हे घरात फक्त तिच्या सासऱ्यांना, हिलालअप्पांना, आठवत होतं.

हेतलची कातडी लहानपणापासूनच नाजूक, साध्या साबणानंही लाल व्हायची. कॉलेजात गेली आणि गालांवर मुरमांचं पीक आलं. रुचिकानंच तिला नंदुरबारला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. बाईंनी सौम्य जेल लिहून दिलं. मुगाच्या दाण्याएवढंच घ्यायचं, एक दिवसाआड, रात्री. आधी साधं क्रीम लावायचं. सुरुवातीला थोडं कोरडं पडेल, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. पण मामेबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. हेतलनं जेल बेसनासारखं थापलं, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यात तोंड सोलून निघालं. कमलबाईंनी जेलची ट्यूब आरशामागे फेकली.

"दवाईनं पोरनं तोंड सोली टाकं. बापू आतेना आते रगत काढी दखाडस. तुन्हा डॉक्टर म्हनस, तीन महिना थांब."

बापूंकडच्या पहिल्या खेपेनंतर हेतलचे गाल भाजल्यासारखे झाले. बापू म्हणाले, आग बाहेर निघतेय. आज दुसरी खेप झाली तेव्हा घरी येईपर्यंत ती ओढणीचं टोक दातांत धरून होती. कॉलेजला जाणं तर तिनं बंदच केलं होतं. आता जेवायचं ताटही ती आतल्या खोलीत नेऊ लागली. तिसरी खेप येत्या रविवारी.

मधल्या एका दुपारी भाग्येश कसाबसा झोपला आणि रुचिका मोरीत कपडे घेऊन बसली. त्याच्या लाळेऱ्यावर वरणाचा पिवळा डाग होता. तिनं साबणाची वडी घासली आणि डाग लाल झाला. त्यात नवल काही नव्हतं. लहानपणापासून हळदीचा डाग साबणाखाली लाल होताना तिनं पाहिला होता. तिच्या आईनं पाहिला होता, आणि त्या शेडखाली बसलेल्या प्रत्येक बाईनं. पण आज तिचा हात थांबला.

साबण असा गालावर कोण लावून घेईल? मग पाण्यासारखं दिसणारं दुसरं काय? तिनं अप्पांच्या तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला, वरची नितळ निवळी वाटीत घेतली. मनगटाला हळद फासली. कापूस फिरवला. नासकं रक्त.

तिनं सासूला दाखवलं. कमलबाईंनी बोळा नाकाशी धरून हुंगला.

"हाई तुन्हं पानी. बापूनं पानी बी हाईच शे, कशावरथून?"

प्रश्न बिनतोड होता. रुचिकाला रागही आला नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती. "मंग रविवारले बापूनंच पानी दखूत, आई," ती म्हणाली. "पन हेतलना तोंडवर नही."

रविवारी हेतलचा नंबर आला, तशी रुचिका तिच्या पुढे झाली. कोपऱ्यातल्या ढिगातली एक कच्ची पपई तिनं उचलली, चेल्याच्या वाटीतली हळद तिला फासली आणि बापूंपुढे ठेवली.

"बापू, आधी हिना तोंडवरथून फिरवा."

"देवनी मस्करी करू नको, पोरी."

"आण अठे," मागून कमलबाई म्हणाल्या. त्यांनी सरळ बापूंच्या तांब्यात कापूस बुडवला आणि पपईवरून फिरवला. बोळा लालभडक झाला. त्या तो उलटसुलट करून पाहू लागल्या.

"पपईलेबी पिंपल उनात का?" रांगेतून कोणीतरी विचारलं आणि ठिकठिकाणी गालांवरची हळद तडकली.

"बागच नासकी शे," बापू म्हणाले. "बागले नजर लागेल शे."

"मंग बागना मालकले बसाड रांगमां," कमलबाई म्हणाल्या.

भाग्येश रडायला लागला होता, म्हणून रुचिकानं थोडक्यातच सांगितलं. तांब्यात चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जशी साबणानं होते. धुणं धुताना आपण सगळ्याच बघतो. आणि सोललेल्या गालाला चुना लागला तर आग होणारच, ती पोटातली नाही. अर्धी रांग उठली. अर्धी बसून राहिली. बापूंना अचानक पूजेची वेळ आठवली.

डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं क्रीम लावून गाल बरे होऊ दिले, मग जेल पुन्हा सुरू केलं. मुगाएवढं. पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही.

"तुन्हा डॉक्टरनी दवाई बैलगाडीवर बशी येस का?" कमलबाईंनी विचारलं. पण ट्यूब कुठे आहे ते त्याच रोज संध्याकाळी आठवणीनं बघत. तिसऱ्या महिन्यात नवे मुरूम कमी येऊ लागले. जुने डाग राहिले. हेतल कॉलेजला जायला लागली आणि ताट घेऊन सगळ्यांत येऊन बसली.

त्या सुमारास एका दुपारी तिची मैत्रीण आली, तोंडाला घट्ट रुमाल बांधून. बापूंनी आता गुजरातच्या हद्दीत शेड टाकली होती आणि तिची आई तिला तिकडे नेणार होती. आत भाग्येशशेजारी पडलेल्या रुचिकाला सगळं ऐकू येत होतं, पण उठवत नव्हतं. ओट्यावर वाटी ठेवल्याचा आवाज झाला. मग हेतलचा, सावकाश, न चिडता.

"मी सांगस म्हनी मानू नको. भाभी सांगस म्हनी बी नको. हाई हळद, हाई चुना, हाऊ कापूस. आधी तुन्हा हातवर करी दख. तोंड मंग."