कानांची राखण

केशोरीच्या कुंजीलालचा धाकटा मुलगा तिलक नोकरीसाठी रायपूरला निघाला, सडक अर्जुनीच्या ढाब्यावर चहाला बसमधून उतरला आणि परत चढलाच नाही. पोलिसांनी शोधलं, सोयऱ्यांनी पार रायपूरपर्यंत पालथं घातलं. पोराचा पत्ता लागला नाही. तेव्हापासून त्याची आई दुलारी नुसती कानांनी जगत होती. रस्त्यावर फटफटी वाजली की हातातलं काम टाकून फाटकाशी धावायची. झोप तर उडालीच होती.

दिवाळीला नागपूरहून मुलगी आली, ओमेश्वरी. तिनं एक यंत्र आणलं होतं. डोळ्यांवर लावायचा काळा चष्मा, त्याच्या आत लुकलुकणारे दिवे. कानांवर हेडफोन, त्यात वाहत्या पाण्याचा आवाज.

"मन शांत होते म्हणतात, माय. गोळ्या तं तू घेत नाहीस. हे तरी लावून पाय."

दुलारीनं चष्मा उलटसुलट करून पाहिला. "आन् कान बुजवल्यावर पोरगा आला तं मले कसं समजन?"

कुंजीलालच म्हणाला, "मी बसतो ना बाहेर. मी आयकतो. तू लाव."

खरं तर त्यानं मनातून पोराची आशा केव्हाच सोडली होती. तोंडानं बोलला नव्हता, इतकंच. बायकोनं चार घास खावेत, डोळ्याला डोळा लागावा, एवढंच त्याला हवं होतं.

सुरुवातीला दुलारी घडीघडी चष्मा काढून विचारायची, "कोणी आलं?" मग विचारणं कमी झालं. दुपारी खाटेवर पडली की तिचा चेहरा सैल व्हायचा, कधी घोरायचीसुद्धा. यंत्रानं झालं, की तीच वाट पाहून थकली होती, कोण सांगणार. कुंजीलाल मात्र घरापुढच्या छपरीत कान लावून बसायचा. आधी तो नुसता दिलेल्या शब्दासाठी ऐकत होता. मग ते ऐकणं अंगातच मुरलं. वळणावर गाडी मंदावली की उठून उभा राहायचा. शेतावर निघाला तरी अर्ध्या वाटेवरून परत यायचा.

धानाची मळणी आटोपून एकदा तो घरी आला, तर दुलारी तिलकचे शर्ट गुराखी बिसरामच्या हातात देत होती.

"हे काय करून राहिली तू?" तो एवढ्यानं ओरडला की बिसराम शर्ट खाटेवर ठेवून निमूट निघून गेला.

"पेटीत सडून राहिले होते. त्याच्या तं कामी येतीन." ती रडत नव्हती. आवाजही हलला नव्हता.

"आन् तिलक आला म्हणजे?"

"नाही येत तो आता." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले तं पयलेच माहीत होतं."

संध्याकाळी ओमेश्वरीचा फोन आला. "मायले फरक पडला ना, बाबा?"

"पडला," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुलारीनंच त्याला खाटेवर निजवून यंत्र लावून दिलं. मिटल्या पापण्यांवर लाल-पिवळे ठिपके नाचू लागले, कानात पाणी वाहू लागलं. त्या पाण्याच्या आत कुठंतरी गाडी थांबल्यासारखी वाटली. त्यानं सगळं ओरबाडून काढलं आणि अनवाणी बाहेर धावला.

रस्त्यावर कोणी नव्हतं. आत दुलारी तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज एका लयीत येत होता, आणि त्याला वाटत होतं, ती जरा थांबेल तर बरं, नीट ऐकू येत नाही.