गुंठ्याला नऊ लाख

केडगावच्या मागं, जिथं रस्ता संपून काटेरी झुडपं लागतात, तिथं आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट हाय. आमच्या ह्यांनी, म्हणजे उत्तमरावांनी, एसटीतून रिटायर झाल्यावर सगळा फंड त्यात घातला. पाच लाख रुपये गुंठा. तीन वर्षं झाली, तिथं एक वीट पडली न्हाई, लाईटचा खांब न्हाई, साधं कुत्रंबी फिरकत न्हाई. पण रेट? रेट नऊ लाख!

हा रेट कोण ठरवतं, सांगते. नाक्यावरच्या टपरीवर आमचे हे धरून चार प्लॉटवाले रोज सकाळी बसतात. जो रेट वाढवंल त्यानं बाकीच्यांना चहा पाजायचा, अशी त्यांची रीत. मग काय, चहाची तल्लफ आली की एकमेकांना चढवायचं. "काय राधाकृष्ण, काही कानावर आलं का?" राधाकृष्ण म्हणणार, "साडेआठ ऐकलंय." की आला चहा! दुसऱ्या दिवशी आमचे हे नऊ करून येणार, फुशारकी मारत. तीन वर्षांत तिथं विकला गेला तो फक्त चहा.

मी म्हणायचे, बसू दे, रिकामी माणसं. पण सायलीचा, आमच्या लेकीचा, नर्सिंगला नंबर लागला. फी शनिवारपर्यंत भरायची, आणि घरात प्लॉट सोडून काही न्हाई. बुधवारी टेम्पोवाला कल्याण दारात आला. त्याला गोडाऊन बांधायचं हुतं. "वहिनी, चारनं देता का? इसार आत्ता रोख देतो."

मी तर लगेच हो म्हटलं असतं, पण प्लॉट ह्यांच्या नावावर. ह्यांनी कानावर हात ठेवले. "नऊचा माल चारला? अगं, बाजार जरा दम घेतोय."

"तीन वर्षं दम घेतोय? मेला असंल, नाडी बघा त्याची!"

संध्याकाळी टपरीवरचे तिघं घरी हजर. राधाकृष्ण सगळ्यांत पुढं, हात जोडून. "वहिनी, तुमी चारनं दिला तर आमचा सगळ्यांचा रेट पडंल हो. पोरीच्या फीपायी चार घरांचं वाटोळं करता का?"

डोकंच फिरलं माझं. "बरं. नऊचा माल आठनं देते, तुमीच घ्या. गुंठ्यामागं लाखाचा फायदा, बसल्या जागी!"

एकाला घरावर पत्रे टाकायचे हुते. दुसऱ्याचे पैसे बँकेत अडकलेले. राधाकृष्ण म्हणाले, पितृपंधरवडा चालू हाय.

"आमी बुद्धाची माणसं, आमाला पितर आडवे येत न्हाईत. सातनं घ्या. सहानं? भाऊजी, पाचनं तरी?"

तिघंबी चपला शोधायला लागले. मला वाटलं, आता तरी ह्यांचे डोळे उघडतील. तर हे म्हणतात कसे, "बघितलंस? एकालाबी आपला विकायचा न्हाई. सगळे धरून बसलेत. तेजी येणार!"

कल्याणचा गुरुवारी फोन आला. हे म्हणाले, सोमवारी बघू. शुक्रवारी कळलं, राधाकृष्णानं स्वतःचा प्लॉट साडेतीननं कल्याणला देऊन टाकला, खरेदीखतसुद्धा झालं. मी धावत येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा खुलला की हो! "ब्येस झालं! एक विकणारा कमी झाला. आता धर दहा."

शनिवार गेला. सोमवारी सकाळी ती कापडाच्या दुकानात कामाला निघाली, महिना आठ हजारावर. हे दारात उभे राहून तिला समजावत हुते, "एक वर्षाचाच तर प्रश्न हाय, सायले. पुढच्या वर्षी दहानं विकू आणि थाटात कॉलेजला जा."

सायलीनं चपला घातल्या आणि विचारलं, "बाबा, माझं हे एक वर्ष केवढ्याला धरलंय तुमी?"

मला रडू फुटलं, पण तिला उशीर हुत हुता, म्हणून डबा हातात दिला.