झऱ्यावरच्या दोऱ्या

मेट्रनबाईंनी गाठोडं धोबीखान्याच्या टेबलावर आपटलं, वरची चादर उलगडली आणि थोरलीच्या नाकासमोर धरली.

"ह्याला पांढरं म्हणायचं?"

चादर पिवळट होती. चहा सांडून पुसल्यासारखी.

"बाळंतिणीच्या अंगाखाली घालते मी ही. पुढच्या खेपेला अशीच आली तर दवाखान्याचे कपडे दुसरीकडे जातील. जुनी ओळख काय धुऊन प्यायची आहे मला?"

धोबीखाना दोन जावांचा. थोरली विधवा, हौद आणि बॉयलर तिच्याकडे. धाकटी इस्त्री करायची. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, बॉयलरला लाकूड पुरवायचा आणि उरलेलं व्यापाऱ्याला विकायचा. दवाखाना सुटला तर धोबीखान्याला कुलूप, हे तिघांनाही ठाऊक होतं.

आधी दोघींनी साबणवाल्याला धरलं.

"साबणात माती कालवतोस का रे?" धाकटी म्हणाली.

"ताई, माती तुमच्याकडे फुकट येतेय. माझ्याकडून कशाला घ्याल?"

उर्मट होता, पण खरं बोलला. नळाला बांधलेलं फडकं सोडलं, तर त्यात चिखलाचा गोळा. पाऊस झाला की पाणी गढूळ यायचं, पाऊस थांबला की नळाची धार करंगळीएवढी व्हायची. पाणी मागच्या टेकडीवरच्या झऱ्याचं. तिथून नळीनं थेट हौदात. थोरली कित्येक वर्षांत वर गेली नव्हती. कशाला जाईल? तोटी फिरवली की पाणी येतं, एवढंच ज्ञान माणसाला पुरतं. तोटीत पाणी कुठून येतं हे आपण ती कोरडी पडल्यावर विचारतो.

ती वर गेली.

उतार बोडका होता. सगळीकडे खुंट. एका खुंटाची लालसर साल तिनं ओळखली. हेच लाकूड ती गेलं वर्षभर बॉयलरशेजारी स्वतःच्या हातानं रचत होती. जड, चांगलं पेटणारं, शिवाय जवळचं. दिराचं तिनं कौतुकसुद्धा केलं होतं. ज्या झाडांनी हौद भरायचा, तीच जाळून ती त्या हौदातलं पाणी तापवत होती. असला शहाणपणा दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

झऱ्याच्या डोक्यावर तेवढा एक पट्टा उभा होता. तिथं पाला घोट्यापर्यंत. तिनं हात खुपसला. आत गार, ओलं. मुळांमधून पाणी झिरपत होतं, काचेसारखं. आणि प्रत्येक बुंध्यावर तांबड्या रंगाची फुली होती.

खाली आल्यावर तिनं दिराला बॉयलरपाशी गाठलं.

"भाऊजी, वरच्या झाडांना हात लावू नका."

"व्यापाऱ्याला शब्द दिलाय वहिनी. उद्या सकाळी माणसं येतायत."

"आपलं पाणी जाईल."

"पाणी आकाशातून येतं. झाडातून नाही."

"आकाशातून येतं, पण थांबतं कुठे? जाड चादर भिजवून टांगली की सावकाश निथळते ना? आणि ताडपत्रीवर बादली ओतली तर? तुम्ही टेकडीवरची चादर काढून ताडपत्री घातलीत."

"परत लावू की झाडं."

"तुमचं रोप कमरेला लागेपर्यंत टेकडी माझ्या हौदात आलेली असेल."

"मग बॉयलर कशावर पेटवणार? माझ्या डोक्यावर?"

"भुसा जाळू. तुमचं डोकं ओलं आहे, पेटायचं नाही."

तो हसला. मग चिडला. "टेकडी आमच्या वडिलांची आहे."

"निम्मी तुमच्या दादाची. म्हणजे माझी."

"मग जा कोर्टात. सकाळपर्यंत निकाल आणा."

तो वाईट माणूस नव्हता. वहिनीच्या आजारपणात धावला होता, बायकोला कधी उलट बोलला नव्हता. जंगलं संपवतात ती अशीच माणसं. चांगली, कामसू, शब्दाला जागणारी.

पहाटे थोरलीनं रात्रभर टाकीत निवळत ठेवलेलं पाणी घेतलं, दवाखान्याच्या चादरी धुतल्या आणि हातगाडी ढकलत वर नेली. दोऱ्या काढल्या. या बुंध्यापासून त्या बुंध्याला, फुली ते फुली, सगळ्या पट्ट्यात बांधल्या आणि चादरी टाकल्या. धोबीखान्याची बाई दुसरं काय करणार?

दिराबरोबर करवती घेऊन माणसं आली तेव्हा जंगलात पांढऱ्या भिंती उभ्या होत्या.

"बाई, हे काय?" मुकादम म्हणाला.

"दवाखान्याचे कपडे. इथं ऊन चांगलं लागतं."

"एवढ्या सावलीत?"

"वारा म्हणायचं होतं मला."

"दोऱ्या सोडा."

"तू सोड. एक जरी चादर मातीत पडली तर मेट्रनबाईंना तुझं नाव सांगते."

मुकादमानं करवत खाली ठेवली. "माझ्या बायकोचे दिवस भरलेत. त्या बाईशी मी वाकडं घेणार नाही. मालक, तुम्हीच काढा."

दिरानं विळा उचलला. पहिल्या दोरीला लावला. तेवढ्यात मागून धाकटी वर आली. डोक्यावर ओल्या कपड्यांची पाटी, तोंडात दोन चिमटे.

"अहो, तो विळा ठेवा आणि ही पाटी उतरवा. मान मोडली माझी."

"तूसुद्धा?"

"इस्त्री मी करते. पिवळी चादर कितीही कडक दाबली तरी पांढरी होत नाही. धोबीखाना बुडाला की घर तुमच्या लाकडावर चालवायचं ना? टेकडी संपली की काय विकाल? दगड?"

"दगडही विकेन."

"माहीत आहे मला. म्हणून तर आले."

माणसं हसली. त्यानं पाटी उतरवली. हातात विळा होता, तो आधी ठेवावा लागला. खाली रस्त्यावर व्यापाऱ्याचा ट्रक भोंगा वाजवत होता.

"वाळतील केव्हा?" मुकादमानं विचारलं.

"दुपारपर्यंत," थोरली म्हणाली. "मग इस्त्रीला जातील आणि दुसऱ्या ओल्या वर येतील. दवाखाना काय बंद पडणार आहे?"

मुकादमानं मालकाकडे पाहिलं. मालकानं खाली ठेवलेला विळा कमरेला खोचला. तेव्हा मुकादमानं करवती गोळा केल्या आणि माणसांना चला म्हटलं. दीर व्यापाऱ्याला काय सांगायचं ते पुटपुटत त्यांच्या मागून उतरला.

धाकटीनं पाटीतली चादर झटकली आणि दुसरं टोक जावेकडे फेकलं.

"ओढा, ताई. जोरात ओढा, मधे सुरकुती राहतेय."