धाकटा

मीटिंगमध्ये साहेब पुढच्या तिमाहीचे आकडे दाखवत होते आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ दोनदा थरथरलं. टेबलाखाली फोन धरून बघितलं. घरच्या कॅमेऱ्याची सूचना होती : अनोळखी व्यक्ती, बाहेरची खोली.

अनोळखी कसली! आईचा तो दुरुस्तीवालाच होता, आणि चक्क बाबांच्या खुर्चीत बसला होता. चहाचा कप गुडघ्यावर ठेवून तो काहीतरी सांगत होता आणि समोर आई हसत होती. नुसतं हसत नव्हती, डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. माझ्याशी फोनवर बोलताना ती शेवटची असं कधी हसली होती, ते मला आठवेना.

“तुझं मत काय?” साहेबांनी मला विचारलं.

“खुर्ची रिकामी ठेवायला हवी होती,” असं अगदी ओठांवर आलं होतं. “आकडे बरे आहेत,” असं म्हणून वेळ मारून नेली.

मला या देशात येऊन चार वर्षं झाली. एका खोलीचा फ्लॅट, पण त्यात यंत्रं बारा. जमीन पुसणारं यंत्र आपलं आपण फिरतं, दिवा मला आत येताना ओळखतो, कॉफीचं मशीन सकाळी माझ्याआधी उठतं आणि घड्याळ तासातासाला ‘उभे राहा’ म्हणून हुकूम सोडतं. जे इथे घेतलं, त्यातलं निम्मं आईलाही पाठवलं. बाबा गेल्यावर ती एकटीच राहते. एका इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली बाई. तिला काही कमी पडू नये, एवढीच इच्छा. पण पाठवलेलं प्रत्येक यंत्र कुणीतरी भिंतीला लावायला हवं, सुरू करून द्यायला हवं, बिघडलं की उघडायला हवं. तिथे हा दुरुस्तीवाला शिरला. वस्तू माझ्या आणि कौतुक याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच.

वयाने माझ्याएवढाच असेल. मिशी मात्र माझ्यापेक्षा दाट.

कॅमेरा मी दहा महिन्यांपूर्वी बसवून घेतला होता. अर्थातच, त्याच्याच हातून. सुरुवातीला आई खोलीत आली की माझं घड्याळ थरथरायचं, दिवसातून चाळीस वेळा. कामात लक्ष लागेना. मग मी ‘ओळखीच्या चेहऱ्याची सूचना नको’ असं करून टाकलं. माझ्या फोनवरचा त्याचा आवाज तर पहिल्याच दिवशी बंद केला होता. ऑफिसात फोनमधून एकदम घरचा कुकर शिट्टी मारायला लागला तर काय शोभा? त्यामुळे कॅमेरा मला सांगायचा तो फक्त दुरुस्तीवाल्याबद्दल. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. इतक्या लांबून उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्यात शेळीच उंटवाल्याला विसरायला लागली, असं मला वाटायला लागलं होतं.

हे वाटणं एक वेळ मी गिळलं असतं. पण मधल्या काळात फोनवर आईच्या तोंडी एक नवीन शब्द यायला लागला होता.

“काय विशेष?” मी रविवारी विचारलं, की ती म्हणायची, “विशेष काही नाही रे. सगळं धाकट्याला सांगून झालं. आता तुला नव्याने काय सांगू?”

मी एकुलता एक. आमच्या घरात थोरला मी आणि धाकटाही मीच. मग हा कोण?

“धाकटा गुणी आहे हं,” एकदा ती म्हणाली. “मधेमधे बोलत नाही. कितीही वेळ ऐकून घेतो.”

“माझ्यासारखा नाही, असंच ना?”

“मी कुठे असं म्हटलं?” ती हसली. “पण तुला आवडेल तो.”

त्यानंतरच्या रविवारी तर कहर झाला. “आज धाकट्याचं तोंड पुसून दिलं,” ती सहज म्हणाली. “किती धूळ बसली होती बिचाऱ्याच्या तोंडावर.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिशीतला मिशीवाला बाप्या, आणि माझी आई त्याचं तोंड पुसतेय! शाळेतून आल्यावर ती माझं तोंड पुसायची, ते ओल्या नॅपकिनने, कानाच्या मागेपर्यंत. तोच नॅपकिन आता त्याच्या मिशीवरून फिरत होता. ‘धाकटा म्हणजे कोण गं?’ असं सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण पोटात दुखणारा माणूस विचारत नाही. तो पुरावे गोळा करत बसतो.

आणि आज पुरावा खुर्चीत बसला होता.

मीटिंग संपली तसा मी जेवायला न जाता जिन्यात गेलो आणि त्याला फोन लावला. तोवर तो आमच्या घरातून निघाला होता. मागे रस्त्याचा आवाज येत होता.

“बोला दादा!” तो म्हणाला. “आत्ताच तुमच्याकडून निघालो. मिक्सरचं भांडं गळतंय, ते घेऊन चाललोय.”

“ते परत देऊन टाका,” मी म्हणालो. “आणि यापुढे येऊ नका. मी एका कंपनीशी करार केलाय. त्यांचा माणूस येऊन सगळं बघेल.”

कसला करार आणि कसली कंपनी! पण बोललो खरा, आणि बोलताना बरंही वाटलं.

“माझं काही चुकलं का?” त्याने विचारलं.

“चुकायचा प्रश्न नाही. मला एकाच ठिकाणी सगळं हवंय.”

“बरं. काकूंना तुम्ही सांगाल, की मी सांगू?”

“मी सांगेन.”

“भांडं मात्र दुरुस्त करूनच देतो. उघडलेली वस्तू तशीच परत द्यायची नाही, असं आहे माझं. आणि दादा, धाकट्याचं काय करायचं?”

“म्हणजे?” माझा आवाज जिन्यात घुमला. “धाकटा तुम्हीच ना?”

“मी?” तो इतका मोठ्याने हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “अहो, कॅमेरा! काकू त्याला धाकटा म्हणतात. मोठा तिकडे राहतो, त्याच्या जागी हा धाकटा पाठवलाय, म्हणतात. मीच त्यांना सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा काच पुसत जा म्हणून.”

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

“तीन महिन्यांपूर्वी म्हणाल्या, हा ऐकतो पण उत्तर देत नाही, जरा बघ. मी उघडून बघितला. यंत्र धडधाकट आहे. आवाज तुमच्या बाजूने बंद आहे, दादा.”

“हे तिला सांगितलंत?”

“सांगितलं ना. तर म्हणाल्या, मला माहीत आहे. एकतीस वर्षं बोर्डावर काढली, पलीकडे कुणी आहे की नाही ते मला कळतं. राहू दे, तो कामात असतो. त्याला यातलं काही बोलू नकोस.” तो अवघडला. “आज बोललो. आता मी येणार नाही, म्हणून बोललो.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. “येत जा,” मी म्हणालो. “करारबिरार काही नाही. तुम्हीच येत जा.”

“नक्की?”

“नक्की.”

तो ‘का’ म्हणाला नाही. “मग भांडं गुरुवारी आणतो,” एवढंच म्हणाला.

त्याच पायरीवर बसून मी कानात हेडफोन घातले. बाहेरचा सगळा आवाज कापून टाकणारे, महागातले. कॅमेरा मागचा एक महिना जपून ठेवतो. ओळखीच्या चेहऱ्याच्या तुकड्यांवर मी कधी बोटही ठेवलं नव्हतं. आता एकेक उघडत गेलो.

प्रत्येकात आई कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहत होती. केस नीट करून, बोर्डावर बसायची तशी मान ताठ. “आज गुडघा बरा आहे. वाचनालयात चालत गेले, चालत आले.” “आज खालच्या बाईंचं आणि माझं भांडण झालं. चूक माझी होती, पण ते तुलाच सांगतेय, त्यांना सांगणार नाही.” “मोठ्याचा आवाज काल बसलेला वाटला. थंड पाणी पीत असेल. तू सांग त्याला.” आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, “चल, लाईन सोडते.”

मग मघाचा तुकडा लावला. आवाजासकट.

“बस रे त्या खुर्चीत,” आई दुरुस्तीवाल्याला म्हणत होती. “नीट रेलून बस. कुरकुरू दे.”

खुर्ची कुरकुरली. बाबा बसले की कुरकुरायची तशीच. मी चार वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता.

“काकू, दोन खिळे मारले की थांबेल हे,” तो म्हणाला.

“हात लावू नकोस! मी बसले तर मेली आवाजच करत नाही. माझं वजन पुरत नाही तिला.” आणि मग त्याने कसल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगितली आणि आई हसायला लागली. मी आतापर्यंत फक्त बघितलेलं ते हसू मला ऐकू आलं.

वरच्या मजल्यावर लोक जेवून परतत होते. घड्याळ थरथरलं, ‘उभे राहा’ म्हणालं. मी उभा राहिलो आणि कॅमेऱ्याचं आत्ताचं, थेट चित्र लावलं. खोलीत आई कप उचलत होती. मी आवाज चालू केला, बोलायच्या खुणेवर बोट दाबून धरलं. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

“आई,” मी म्हणालो.

ती थबकली. कप हातात तसाच. हळूच कॅमेऱ्याकडे वळली आणि बघत राहिली. पुढचं काही सुचायच्या आत माझं बोट खुणेवरून सुटलं. तिने कप खाली ठेवला, कोपऱ्यात गेली आणि फोन उचलला. माझ्या हातातला फोन वाजला.

“कामात आहेस का?” तिने विचारलं.

“नाही. बोल.”

“अरे, आज गंमतच झाली. धाकटा बोलला.”

“काय म्हणाला?”

“आई म्हणाला.”

“बस, एवढंच?”

“एवढंच,” ती म्हणाली. मग तिने आवाज बोर्डावरच्यासारखा सरळ केला. “लहान आहे अजून. शिकेल हळूहळू.”