सपाट बूट

रणजीत बरीच वर्षं फुटबॉलवर पोट भरत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याला टीव्हीवर कुणी पाहिलं नव्हतं. बार्शीकडचं हे पोर डाव्या पायाच्या जोरावर पुण्यात आलं, मग मुंबई, गोवा, केरळात एक हंगाम. सगळं खालच्या डिव्हिजनमध्ये. तो ज्या क्लबांकडून खेळला त्यातले निम्मे पुढे बंद पडले. सासरची मंडळी थट्टेनं म्हणायची, जावयाचा पायगुणच तसा.

शेवटी तो चाकणच्या एका कारखानदाराच्या क्लबात टिकला. मालकांना फुटबॉलचा शौक होता आणि व्यवहारही कळत होता. खेळाडू कंपनीच्या हजेरीवर. सकाळी मैदान, दुपारनंतर स्टोअरमध्ये हलकंफुलकं काम. संघातून नाव गेलं की माणूस प्रेस शॉपमध्ये, पूर्ण शिफ्ट, पत्रे दाबायला. तिथं दोन माजी स्ट्रायकर होते. कँटीनमध्ये ते हाक मारायचे तेव्हा रणजीतला नेमकी कुठलीतरी घाई असायची.

गणराज हा त्याचा मेहुणा, बायकोचा, स्नेहलचा, पाठचा भाऊ. डिप्लोमा अर्धवट सोडून तो बहिणीकडे चऱ्होलीला राहायला आला, तेव्हा रणजीतच छाती पुढे काढून म्हणाला होता, "याला मी तयार करतो." आणि केलं की तयार! पण रणजीतला एकच जागा मनापासून खेळता यायची, लेफ्ट बॅकची. त्यानं पोराला तीच शिकवली. दुसरा कुणी असता तर निदान गोलकीपर तरी केला असता.

मे महिन्यात कोच ज्योतीराम सरांनी रणजीतला बाजूला घेतलं. "तुझा मेहुणा चांगला आहे. पण मालक म्हणतात, डाव्या बाजूला यंदा एकच माणूस ठेवायचा. ट्रायलला बघू आणि ठरवू." रणजीत हसून "बघा की सर," म्हणाला. घरी मात्र त्यानं यातलं अक्षर काढलं नाही. स्नेहल मैत्रिणींना फोनवर सांगत सुटली होती, "आता दोघं एकाच टीममध्ये!"

त्यांचं मैदान म्हणजे मुरुमावर उगवलेलं गवत. उन्हाळ्यात ते इतकं टणक होई, की सगळे सपाट, बारीक रबरी दाण्यांचे बूट घालत. पण ट्रायल बघायला मालक येणार, म्हणून आदल्या संध्याकाळी टँकर आला. माळी कोंडीरामनं रणजीतला हौसेनं सांगितलं, "रातभर पानी सोडतो दादा. हिरवंगार दिसंल." सकाळी उन्हानं वरून गवत वाळल्यासारखं दिसत होतं. खाली मात्र चिखल होता. अशा मैदानावर पाय घसरू नये म्हणून तळाला लांब स्टडचे बूट लागतात, आणि गणराजच्या पिशवीत दोन्ही जोड होते.

"दाजी, कुठले घालू?" त्यानं विचारलं. तो सगळंच विचारायचा; पाणी कधी प्यायचं, थ्रो कुणाकडे टाकायचा.

"सपाट घाल," रणजीत म्हणाला. "मैदान दगड आहे."

एवढंच. शब्द तोंडातून गेल्यावर त्यानं मनाला समजावलं, की दोन-तीनदा घसरेल, चारचौघांत हसं होईल, सर म्हणतील पुढच्या वर्षी ये. पोराला वर्षं पुष्कळ आहेत, मला एकच हवंय. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो!

दोनदा सावरून गणराज तिसऱ्यांदा घसरला. वळताना पाय तसाच पुढे गेला आणि गुडघा भलतीकडेच फिरला. त्याच्या ओरडण्यानं मालकांनी खुर्ची सोडली. ज्योतीराम सर धावत आले, बुटांकडे बघून कडाडले, "हे बूट? आज? कुणी सांगितलं रे तुला?"

गणराजचे दात एकमेकांवर घट्ट आवळले होते. "मीच घातले सर."

"अक्कल गहाण ठेवली होतीस का?" सर म्हणाले. रणजीत बर्फाची पिशवी धरून शेजारीच बसला होता. "सर, मी सांगितलं," एवढे तीनच शब्द होते. त्यानं बर्फ तेवढा नीट धरला.

पिंपरीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. रणजीतनं रजा टाकली, रात्री बाकड्यावर काढल्या, बेडपॅनसुद्धा स्वतः दिलं. नर्स म्हणायच्या, भाऊजी असावेत तर असे. ते ऐकून त्याला कुठं तोंड लपवावं कळेना. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. "लिगामेंट जोडलंय. पण आतली गादीही फाटली होती. चालेल, गाडी चालवेल. फुटबॉलचं मात्र मनातून काढा. घरचे आहात, सवडीनं तुम्हीच सांगा."

ते त्यानं घरात कुणालाच सांगितलं नाही. त्याच आठवड्यात क्लबनं त्याला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं. स्नेहलनं देवापुढे साखर ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. "निदान तुमचं तरी झालं," ती म्हणाली. रणजीतला ती साखर गिळवेना.

मग बार्शीहून सासूबाई आल्या, यशोदाबाई. पायातलं काढायच्या आधी त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मागितल्या. लेकराला कुणाची तरी दृष्ट लागली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. गणराजला खुर्चीत बसवून त्यांनी मूठ ओवाळली. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, दारातल्याची, घरातल्याची…" 'घरातल्याची' म्हणताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, तरी रणजीत दाराकडे सरकला. मूठ तापल्या तव्यावर पडली. मिरच्या काळ्या पडल्या, पण ठसका काही उठला नाही.

"बघ गं स्नेहल, वास तरी येतोय का? लई जबर नजर हुती माज्या लेकरावर." मग त्या जावयाकडे वळल्या. "तुमीबी बसा, जावईबापू. एवढं केलंत पोराचं. तुमच्यावर तर समद्यांचाच डोळा आसंल."

"मला नको, आई."

"बसा म्हन्ते ना."

तो बसला. त्यांनी त्याच मायेनं त्याच्यावरून मूठ ओवाळली आणि तव्यावर टाकली. या वेळी असा काही ठसका उठला, की अख्खं घर खोकायला लागलं. शेजारच्या सोजराबाईंनी खिडकी लावून घेतली. "तुमाला काय बी न्हाई झालेलं," खोकता खोकता यशोदाबाई समाधानानं म्हणाल्या. रणजीतच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्याला कुणी कारण विचारलं नाही.

गणराजला धूर सोसेना, म्हणून रणजीतनं त्याला गॅलरीत आणून बसवलं, पाय स्टुलावर ठेवला. आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, हे त्याला कळलं.

"मैदानात रात्रभर पाणी सोडलं होतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

गणराज खाली पार्किंगकडे बघत राहिला. "मलाही. मी हात लावून बघितलं होतं."

"मग सपाट का घातलेस?"

"तुम्ही म्हणालात ना. मला वाटलं, दाजी एवढं खेळलेत, त्यांना माझ्यापेक्षा काहीतरी जास्त दिसत असेल. पडलो तेव्हा कळलं, मुद्दाम सांगितलंत."

"तरी सरांना स्वतःचं नाव सांगितलंस?"

"तुमचं सांगितलं असतं तर ताई कुठं गेली असती?" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर रणजीतला बरं वाटलं असतं, कुणीतरी हाणावं म्हणून तो इतके दिवस वाट बघत होता. "जाऊ द्या, दाजी. जागा एकच होती, हे हॉस्पिटलात सर बोलले मला. तुमचीही नोकरीच होती. पुढच्या ट्रायलला परत तुम्हालाच विचारीन. तेवढं तेव्हा खरं सांगा."

रणजीतला 'हो' म्हणता आलं असतं. पोरानं त्याला सोडून दिलंच होतं. एक 'हो' म्हटलं की सगळं मिटत होतं, निदान वर्षभर. त्यानं कठड्याला घट्ट धरलं.

"पुढची ट्रायल नाही, गणराज."

मग डॉक्टर जे बोलले होते ते त्यानं सांगितलं, एक शब्द न गाळता.

गणराजनं सगळं ऐकून घेतलं. स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यानं खाली ठेवला. मग त्यानं आत हाक मारली.

"ताई, यांना इथून आत घेऊन जा."

स्नेहल पदरानं नाक दाबून दारात आली. "का रे? काय झालं?" असं तिनं भावाला विचारलं, आणि त्यानं मानेनं रणजीतकडे दाखवलं तेव्हा ती नवऱ्याकडे वळली.